कोरडा टॉवेल

जगात न मारता शिकवणारे गुरू असतील, न रागावता शिकवणारेही असतील. पण न सांगता शिकवणारे आमचे बॉक्सिंगचे सर एकटेच असावेत. हे मला नीट लिहिता येईल की नाही, ठाऊक नाही. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजला कोणी गेलं नाही, म्हणून मला जे कानावर पडेल ते वहीत उतरवून घ्यायची सवय. सरांकडेही पहिल्या दिवशी वही घेऊनच गेले. भातसानगरला धरणाच्या दरवाज्यांवर नोकरी करून निवृत्त झालेले सर शहापुरात भाताच्या एका रिकाम्या गोदामात शिकवतात. "सर, हात कुठं ठेवू?" असं विचारलं, तर म्हणाले, "नाक कुठं हाय तुजं?" संपला धडा.

एकदा त्यांनी आम्हा चौघींना म्हसाच्या जत्रेत नेलं. वाटलं, पाळण्यात बसवतील. त्यांनी तिथल्या गुरांच्या बाजारात एका बैलासमोर तासभर उभं केलं. मी शिंगं, वशिंड, रंग, सगळं लिहून काढलं. सरांनी वही चाळली. "हालायच्या आदी भार कंच्या पायावर टाकतो?" नेमकं तेवढंच राहिलं होतं. बैलाचा मालक कंटाळून म्हणाला, "मास्तर, घ्यायचा हाय का नाय?" सर म्हणाले, "थांबा जरा, पोरींनी अजून बघितला नाय."

जिल्ह्याच्या निवडीला निघाले तेव्हा बाबांनी बजावलं होतं, "हरलीस तं हा खेळ बंद, गो." आणि पहिल्या राउंडला मी नुसता मार खाल्ला. कोपऱ्यात येऊन रडवेली झाले. "सर, काय करू ते सांगा ना!"

"मला काय इचारतेस? मार कोन खातंय?" एवढं बोलून त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली.

दुसऱ्या राउंडला रागारागातच मी समोरच्या मुलीच्या पायांकडे पाहिलं. उजवा ठोसा यायच्या आधी तिची उजवी टाच उचलली जात होती. दर वेळी! मग टाच उचलली की मी बाजूला सरकायची आणि मारायची. पुढचे दोन्ही राउंड माझे.

खाली उतरल्यावर सरांनी विचारलं, "काय दिसलं?"

"टाच. तुम्हाला दिसली होती?"

"पयल्याच मिनिटाला."

मी चिडून काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात त्यांच्या हातांकडे लक्ष गेलं. ते अजूनही टॉवेल पिळत होते, बोटं पांढरी पडेपर्यंत. टॉवेल सकाळपासून कोरडाच होता.

पुढच्या महिन्यात मुंबईला लढत आहे. सरांचे गुडघे आता प्रवासाला नाही म्हणतात. माझ्या कोपऱ्यात दुसरं कोणीतरी असेल, भरपूर सांगेलही. वही घरीच ठेवणार आहे. टॉवेल मात्र सरांकडून मागून घेतलाय.