चीफकाकांची रविवारची हजेरी

चीफकाका दर रविवारी सकाळी नऊला हजेरी घेत. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, टॅब आणि फोन ओळीने मांडलेले, शेजारी चहाचा मग. पासवर्ड सांभाळणारं एकच ॲप तिन्हींवर होतं. फोनवर एखादा पासवर्ड बदलायचा आणि तो सिंक होऊन बाकी दोघांपर्यंत पोहोचला का, ते चष्मा कपाळावर सरकवून बघायचं. पोहोचला की म्हणत, "हजर!" सिंगापूरमध्ये सेम्बावांगला आमचे फ्लॅट समोरासमोर. त्यांच्या उघड्या दारातून ते "हजर" मला स्वयंपाकघरात ऐकू येई.

उमेदीची सगळी वर्षं ते जहाजांवर चीफ इंजिनिअर होते. समुद्र सोडल्यावर तिथल्याच तुआसच्या एका यार्डात जहाजदुरुस्तीचं काम बघत. पासवर्ड कागदावर लिहिणाऱ्यांचा त्यांना भारी तिटकारा. माझ्या फ्रिजवर वायफायचा पासवर्ड चिकटवलेला दिसला, तेव्हा त्यांनी न विचारता तो उपटला आणि माझ्या फोनवर, लॅपटॉपवर ते ॲप घालून दिलं. मी बँकेत सिस्टिम्सचंच काम करते, हे सांगून उपयोग नव्हता. "एकाला कळलं ते सगळ्यांना कळलं पाहिजे," ते म्हणाले. "इंजिन रूममध्ये एकाला माहीत आणि दुसऱ्याला नाही, असं झालं की माणूस मरतो."

सुमनकाकू आतून म्हणाल्या, "मला मात्र काहीच कळू देत नाहीत हो!" तेव्हा आम्ही तिघंही हसलो होतो.

गेल्या वर्षी एका रविवारी काकांनी मला हाक मारली. "अगं, बघतेस का जरा? माझ्या एकाच ईमेलच्या पाच नोंदी दिसतायत, पाच वेगवेगळे पासवर्ड. सिंक बिघडलंय."

मी बसले. सिंक ठणठणीत होतं. पाचही नोंदी काकांनीच केल्या होत्या, एकाच आठवड्यात. सोमवारी फोनवर पासवर्ड बदलला, मंगळवारी ते विसरून लॅपटॉपवर बदलला, मग टॅबवर, दर वेळी नवी नोंद करून. ॲपने बिचाऱ्याने सगळं इमानाने सगळीकडे पोहोचवलं होतं. त्याच यादीखाली त्यांनी लिहून ठेवलेली एक टीप होती. मी वाचायला नको होती, पण ती उघडीच होती.

"यार्डची बस ब्लॉकखाली, सव्वासहा. नवीन सुपरवायझर उंच, दाढीवाला. नाव तीनदा विचारून झालंय, पुन्हा विचारू नये. वॉल्व्ह उघडण्याआधी टाकीत कोण आहे ते विचार. विचारलं असेल तरी विचार."

मान वर केली तर काका माझ्याकडेच बघत होते.

"वाचलंस?"

"हो. काका, डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं." त्यांनी लॅपटॉप हळूच मिटला. "सुमनला सांगू नकोस. कॉन्ट्रॅक्टचे तीनच महिने उरलेत. मान राखून बाहेर पडू दे."

"पण जहाजाच्या टाकीत माणसं उतरतात ना? तुम्ही विसरून वॉल्व्ह उघडला तर?"

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. मग म्हणाले, "मी सांगतो तिला. आठवडाभर दे."

मी दिला. तो आठवडा कसा गेला ते माझं मला माहीत. ऑफिसात बसून तुआसला कुठे अपघात झालाय का, ते बातम्यांत शोधायचे. पुढच्या रविवारी मी त्यांच्या दारात गेले. काकांनी हसून खुर्ची ओढली आणि म्हणाले, "बरी आलीस. अगं, बघतेस का जरा? माझ्या ईमेलच्या पाच नोंदी दिसतायत. सिंक बिघडलंय."

मी बसले नाही. सरळ आत गेले आणि काकूंना सगळं सांगितलं. त्या पोहे परतत होत्या. त्यांनी गॅस बंद केला. "मला वाटायचं," त्या म्हणाल्या, "माझ्यावर कशाने तरी रागावलेत, म्हणून बोलत नाहीत."

काका दारात उभे होते. "माझं कुलूप मी विश्वासाने उघडून दिलं तुला," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मात्र ते इस्त्रीचा शर्ट घालून यार्डात गेले आणि स्वतःच्या तोंडाने सांगून काम सोडून आले. नंतर काकूंना शेजारी बसवून त्यांनी काकूंच्या फोनवर ते ॲप घातलं आणि मुख्य पासवर्ड घोटून घेतला. मला हाक मारली नाही. लिफ्टमध्ये भेटले तर आकड्यांकडे बघत उभे राहत.

दोन महिन्यांनी ती दोघं नाशिकला लेकीकडे जायला निघाली. मी विमानतळावर गेले. काकू सामानापाशी होत्या. काकांनी मला बाजूला घेतलं.

"तू केलंस ते बरोबर होतं. पण मला राग आहे. हा राग कधीतरी मी विसरेन, बाकीचं विसरतो तसा. तेव्हा तुला वाटेल, काकांनी माफ केलं. तसं समजू नकोस."

आता काकू व्हिडिओ कॉल करतात. काका मध्येच तोंड घालून विचारतात, "काय गं, येतेस कधी नाशिकला?" चेहरा अगदी मोकळा, प्रेमळ. मी "येते की" म्हणते. त्यांनी बजावलेलं त्यांना आठवत नाही. मला आठवतं, आणि ते मी पाळते.