दोन झटक्यांमधला सेकंद

कारखान्यामागच्या तपासणीच्या तारेजवळ गेले की भाऊ आधी एक हिरवी काडी खुडायचे. काडीचं टोक तारेला टेकवायचे, डोळे मिटायचे आणि ओठांतल्या ओठांत मोजायचे. काडीतून झटका सौम्य बसतो. असे वीसेक झटके खाऊन झाले की म्हणायचे, "हं. हात सोडाले वेळ भेटते."

तुमच्या गावात झटका मशीन असेल, तर तुम्हाला हे ठाऊकच असेल. धानात रानडुकरं शिरू नयेत म्हणून कुंपणाच्या तारेत क्षणभर वीज सुटते, मग सेकंदभर काही नाही. जनावर असो की माणूस, तेवढ्यात बाजूला होतो. ब्रह्मपुरीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात मी सर्किट जोडायची आणि भाऊ चिपमधला प्रोग्राम लिहायचे. तो सेकंद मोजायचा चिपमधल्या टायमरने. पण मालक बाजारात मिळेल ती चिप आणत, आणि प्रत्येकीच्या टायमरची चाल निराळी. मग भाऊंचं सगळं पहिल्यापासून सुरू.

"दर महिन्याले नवी सून आनते मालक," ते कुरकुरायचे, "अन् तिचा सोभाव मीच वळखाचा!"

भाऊंना पुण्यात नोकरी लागली होती. मालक म्हणाले, "एवढा लॉट होऊ द्या भाऊ, मंग खुशाल जा." लॉट संपला, तर नवी चिप हजर. असं तीनदा झालं. पुणेवाले तरी किती थांबणार? शेवटी भाऊंनी प्रोग्रामच नव्याने मांडला. मुख्य भागाने फक्त विचारायचं, किती वेळ झाला? उत्तर देणारं पान प्रत्येक टायमरसाठी वेगळं. चिप बदलली की तेवढंच पान बदलायचं. ते लिहायला त्यांनी मला शिकवलं. मी चुकले की चिडायचे आणि मग स्वतःच्या डब्यातली भाजी माझ्यापुढे सरकवायचे.

"तुले जमलं का मी मोकळा, बाई."

निघायच्या दिवशी सकाळीच नवी चिप आली. "तूच लिव," ते म्हणाले. मी पान लिहिलं. पुण्याच्या गाडीसाठी नागपूरला नेणारी जीप दारात उभी, भाऊंची बॅग आत ठेवलेली. त्या घाईत त्यांनी काडी घेतलीच नाही, सरळ तारेला हात लावला.

हात सुटेना. झटक्यावर झटका बसत होता. मी धावत जाऊन स्विच पाडला. या टायमरची चाल आठपट होती आणि मी आकडा जुनाच ठेवला होता; दोन झटक्यांमधला सेकंद आठव्या हिश्शावर आला होता.

भाऊ एकेक बोट उघडत खाली बसले. मला रडू आवरेना. "माहं चुकलं भाऊ. आता धा वेळा पाहीन. तुमी जा."

ते रागावले नाहीत. "माह्यासाठी स्विच बंद कराले तू होती," ते म्हणाले. "वावरात कोन राहीन?"

बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता. भाऊ उठून माझ्या स्टुलावर बसले, आकडा दुरुस्त केला आणि तिथेच बसून राहिले.

"सांग त्याले, जाय म्हना."

मी जाऊन तसं सांगितलं आणि बॅग उतरवून घेतली. वाईट वाटलं, फार वाटलं. पण खोटं कशाला बोलू, ते राहिले म्हणून मला बरंही वाटलं.