रपट्यावरचा लाल दिवा

देवासच्या इंडस्ट्रियल एरियातल्या आमच्या छोट्या कारखान्यात कुठलंही सर्किट तयार झालं की ते आधी ताम्हणे मॅडमच्या टेबलावर जायचं. त्या कागद बघत नसत, मीटरही उचलत नसत. चष्मा नाकावर ओढायच्या, दिवा नेमका जिथे लागतो तिथे नॉब आणायच्या आणि बोटांनी तो तिथेच किंचित मागे-पुढे करत बसायच्या. आम्ही आपले ताटकळत उभे. दिवा एकदा जरी लुकलुकला तरी बोर्ड परत.

"पलकें मार रहा है. घेऊन जा, भिया."

मी नाशिकहून नवीन आलो होतो आणि डिग्रीची गुर्मी उतरायची होती. म्हटलं, "मॅडम, जागेवर गेल्यावर असं कोण हलवत बसणार आहे?"

"पाणी," त्या म्हणाल्या आणि डबा उघडला. डब्यात भुट्ट्याचा कीस होता. निम्मा मला दिला, बोर्ड मात्र घेतला नाही.

त्या मूळच्या धारच्या. घराणं पिढ्यान्पिढ्या माळव्यात, त्यामुळे मराठी पणजीच्या काळातलं, आणि राग आला की थेट मालवी. राग यायचाही फार. सकाळी रागावल्या की दुपारी कितीही गोड बोला, उपयोग शून्य; संध्याकाळी निघताना स्वतःच हातावर पेरू ठेवायच्या.

आमचं काम कम्पॅरेटरचं. ही चिमुकली चिप दोन व्होल्टेज ताडून बघते आणि कुठलं मोठं एवढंच सांगते. वीज इतकी कमी खाते की एका बॅटरीवर वर्षानुवर्षं निघतात. पण दोन्ही व्होल्टेज जवळजवळ सारखी झाली की तिची पंचाईत होते. हो की नाही, हो की नाही, असं चालू राहतं. उपाय म्हणजे आउटपुटकडून इनपुटकडे परत आणलेला एक रेझिस्टर. मग 'हो' म्हणायची पातळी वर राहते, 'नाही' म्हणायची बरीच खाली. मॅडम म्हणायच्या, "एकदा हो म्हटलं ना, की लगेच नाही म्हणायचं नाही. जरा दम धरायचा."

त्या वर्षी पावसाळ्याआधी त्या मला उदयनगरच्या पुढे, जंगलातल्या एका रपट्यावर घेऊन गेल्या. रपटा म्हणजे ओढ्यावरचा ठेंगणा पूल. पाणी चढलं की रस्ताच बुडतो. काठावर लोखंडी खांब, वर लाल दिवा, खाली पाइपात पाण्याबरोबर वर-खाली होणारा, चिपला पाण्याची पातळी कळवणारा फ्लोट. पंचायतीला विचारून मॅडमनीच तो बसवला होता. दिवा लागला की पलीकडे जायचं नाही.

बॅटरी तपासून झाल्यावर त्यांनी खांबावर हात ठेवला आणि एखाद्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "काय रामसिंग, ठीक?"

आजूबाजूला कोणी नव्हतं.

"त्याची इथे चहाची टपरी होती," त्या म्हणाल्या. "दिवा तोच पुसायचा. एकदा फोन केला, 'मैडमजी, अपनी बत्ती पलकें मार री है. लोग-बाग हँसते हैं.' मी म्हटलं, रविवारी येते." त्यांनी बॅटरीच्या पेटीचं झाकण लावलं. "तो रेझिस्टर मी लावलाच नव्हता रे. तेवढाच करंट वाचेल, बॅटरी आणखी टिकेल म्हणून. फार अभिमान होता मला त्याचा."

रविवार यायच्या आधीच मोठा पाऊस झाला. पाणी चढत होतं आणि लाटांबरोबर दिवा लागत-विझत होता. बाकीचे लोक दिव्याकडे न बघताच केव्हाचे निघून गेले होते. रामसिंग मात्र दिवा विझेपर्यंत थांबला. विझल्यावर निघाला, आणि रपट्याच्या मधोमध पाण्याने नेला.

"माझ्या दिव्यावर भरवसा ठेवणारा तो एकटाच होता," मॅडम म्हणाल्या. "रेझिस्टर नंतर लावला, पण फोन वाजला की अजून त्याचाच वाटतो."

त्यानंतर कारखान्यात फोन वाजला की मी आधी त्यांच्याकडे बघायचो. हातातलं काम थांबायचं, मान वर व्हायची, दुसरं कोणी बोलतंय असं कळलं की पुन्हा खाली. मला ते बघवत नसे.

गेल्या हिवाळ्यात त्या अंथरुणाला खिळल्या. धारला भेटायला गेलो तर ओळखलं, पण विचारलं फक्त, "दिवा?"

"लागतोय, मॅडम. मी स्वतः पाहिलाय."

"लागताना सगळेच बघतात. विझताना बघितलास?"

आठवड्याने त्या गेल्या.

यंदा पावसात मुद्दाम रपट्यावर गेलो. दिवा लागलेला होता. तासाभरात पाणी उतरलं, ओला रस्ता उघडा पडला, तरी दिवा लालच. मागच्या मोटारसायकलवाल्याने हॉर्न वाजवला, "अरे भिया, पानी तो उतर गया! निकलो ना!" माझाही पाय उचलला होता.

टपरी आता रामसिंगची बायको चालवते. स्टोव्हवरून नजर न काढता ती म्हणाली, "बैठ जाओ दोनों. अभी मैडम ने मना किया है."

मॅडम गेल्याचं तिला कोणी सांगितलं नव्हतं. मलाही सांगवलं नाही. आम्ही दोघे बाकावर बसलो, तिने चहा दिला. वरून पुन्हा एक लोंढा आला, रस्त्याच्या कडेला लागला आणि ओसरला. दिवा तसाच जळत होता.

बऱ्याच वेळाने तो विझला आणि विझलेलाच राहिला. मोटारसायकलवाला निघून गेला. मी मात्र खांबाजवळ जाऊन हात ठेवला आणि म्हणालो, "बघितला, मॅडम."