धार आपल्याकडे

नोकरीतली कितीतरी प्रकरणं आता मागे पडली, आरोपींचे चेहरे एकमेकांत मिसळून गेले. पण त्या वर्षीची खंडेनवमी मात्र अजून लख्ख आठवते. छत्तीसगड नुकतंच वेगळं झालं होतं. रायपूर राजधानी झाली, मंत्री आले, लाल दिव्यांच्या गाड्या आल्या. ठाण्यातली माणसं मात्र होती तेवढीच राहिली. त्या तेवढ्याच माणसांचा मी ठाणे प्रभारी होतो.

नवरात्रात सदर बाजारात दुचाकी लावण्यावरून भांडण झालं आणि सराफी दुकानातल्या एका सेल्समनच्या पोटात चाकू बसला. मारणाऱ्याच्या तोंडाला गमछा होता. आमच्याकडे धुळीपायी निम्मं शहर गमछा बांधून गाडी चालवतं, त्यामुळे साक्षीदार असून नसल्यासारखे. पळताना चाकू मात्र त्याच्या हातून पडला. जप्तीचा पंचनामा लिहिताना आमचा मुन्शीसुद्धा त्याच्याकडे बघत राहिला. बाजारात मिळणारा बटनदार चाकू नव्हता तो. शिसवी मूठ, पितळी खिळे, पात्यावर हलकीशी लहर. कुणीतरी जीव लावून घडवला होता.

खंडेनवमीला ठाण्यात शस्त्रपूजा चालली होती. मी रायफलींना कुंकू लावत होतो, तेवढ्यात आमचा खबरी धापा टाकत आला. "साहब, तेलीबांधा में एक आदमी ने घर में चाकू ही चाकू बिछा रखे हैं! सब पर लाल-लाल लगा है!"

लाल-लाल काय असेल ते मला कळलं. माझाही अंगठा लालच होता. पण पोलिसाला अंदाजावर भागत नाही. गेलो.

तळमजल्याचं घर, खिडकी सताड उघडी. आत पांढऱ्या चादरीवर ओळीने चाकू, प्रत्येकाला कुंकवाचं बोट आणि झेंडूचं फूल. घरमालक वर्ध्याकडचे, सरकारी कार्यालयात नोकरीला. हातात आरतीचं तबक घेऊन ते जागच्या जागी थिजले. त्यांची बायको आतून म्हणाली, "म्या म्हटलं होतं, खिडकी लावा. आयकतात थोडी!" चाकूंचा दुसरा कुणी शौकीन असता तर कपाटाला कुलूप घालून गप्प बसला असता. आपल्या माणसाला हत्यार पूजल्याशिवाय नवमी साजरी झाल्यासारखी वाटत नाही.

मी पट्टी घेऊन पाती मोजली. परवाना लागावा इतकं लांब एकही नव्हतं. गृहस्थांना हातघडणीचे चाकू बनवून घ्यायचा नाद होता. एकेक मागवायचा, महिनोन्‌महिने वाट बघायची. "लोक म्हनतात, इतक्या चाकूंचं करता काय? मी म्हनतो, तुम्ही सोन्याचं करता काय?"

मी जप्त चाकूचा फोटो पुढे केला. त्यांचा चेहराच उतरला.

"कुणाचं काम आहे हे?"

"मले आत टाका साहेब. पन त्याचं नाव नोका विचारू."

"काहून?" माझ्याही तोंडून गावाकडची बोली निघाली.

"त्यानं जवानीत एकाले भोसकलं होतं. सजा भोगून आला. जेलातच लोहारकाम शिकला. आता सिलतऱ्याले प्लांटात ठेकेदाराकडं आहे, अन् घरामागं भट्टी लावून चाकू घडवते. तुम्ही गेले का त्यालेच धरान. पोलिसाले अजून काय लागते?"

माणूस चुकीचं बोलत नव्हता. सोबत आलेला माझा उपनिरीक्षक तर लगेच म्हणाला, "सर, हिस्ट्रीशीटर है. उठा लेते हैं, शाम तक कबूल कर लेगा." मला धास्ती होती ती याचीच. तो कबूल करेल हे मलाही ठाऊक होतं. आमच्या खात्यात कबुली मिळणं अवघड नसतं. खरा आरोपी मिळणं अवघड असतं.

"आधी ऐकून घेईन, मग ठरवेन," असा शब्द मी गृहस्थांना दिला. साध्या कपड्यात त्यांच्याच स्कूटरवर मागे बसून शहराबाहेर, कारखान्यांच्या सिलतऱ्याला गेलो. भट्टीजवळ पन्नाशीचा, बुटका, काजळीने काळवंडलेला माणूस बसला होता. फोटो पाहिला आणि म्हणाला, "हव साहेब, मेरा ही बनाया है." एवढं बोलून त्याने दोन्ही हात पुढे केले. बेडीसाठी. दारात उभी असलेली त्याची बायको मटकन खाली बसली. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला इतकं वाईट क्वचितच वाटलं असेल.

"हात खाली घे," मी म्हणालो. "नेला कुणी ते सांग."

घेणाऱ्याने तोंडाचा गमछा सोडलाच नव्हता. हल्ल्याच्या संध्याकाळी हा स्वतः घरी होता, साक्षीला फक्त बायको. म्हणजे कागदावर माणूस पुरता अडकलेला.

निघताना मी एक चाकू बघायला मागितला. त्याने तो हातात दिला नाही. लाकडी ठोकळ्यावर ठेवला, मूठ माझ्याकडे, धार स्वतःकडे, आणि आपला हात मागे घेतला. मी उचलला. परत देताना मलाही तसंच करायला लावलं. सगळ्या गिऱ्हाइकांना तो हे शिकवायचा. जमल्याशिवाय चाकू द्यायचा नाही. तो गमछावाला तर सारखा झडप घालायचा, त्याच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं होतं.

"असं का?" मी विचारलं.

"उस दिन धार सामने वाले की तरफ थी, साहेब."

परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. भांडणातल्या गाडीच्या वर्णनावरून बाजारातले तीन तरुण आम्ही हेरून ठेवले होते. तिघांनाही ठाण्यात बोलावलं. एकेकाला माझ्या खोलीत घेतलं. टेबलावर पेरूची बशी आणि वर्धेकर गृहस्थांकडून मागून आणलेला, त्याच लोहाराचा चाकू. असला चाकू कधी पाहिला नाही, असं तिघांनीही सांगितलं. बोलणं संपत आलं की मी पेरू घ्यायचो आणि सहज म्हणायचो, "ज़रा वो चाकू इधर देना."

पहिल्याने टोक माझ्याकडे करून दिला. दुसऱ्याने टेबलावरून सरकवला. तिसरा कापड व्यापाऱ्याचा मुलगा, उत्तरं तयार ठेवून आलेला. त्याने चाकू उचलला, मूठ माझ्याकडे फिरवली, धार स्वतःकडे, टेबलावर ठेवला आणि हात मागे घेतला.

मी पेरू कापला नाही. "सिलतरा किससे मिलने गए थे?" एवढंच विचारलं. तो स्वतःच्या हाताकडे बघत राहिला आणि मग रडायला लागला. हौसेने घेतला होता चाकू. मग खिशात ठेवायची सवय लागली, आणि भांडणात हात आपोआप खिशाकडे गेला. नुसत्या कबुलीवर खटला उभा राहत नाही. त्याच्या घरझडतीत चामड्याचं म्यान मिळालं, जप्त चाकू त्यात नेमका बसला.

सेल्समन वाचला, पुन्हा दुकानात उभा राहिला. लोहाराच्या ठेकेदाराला मी स्वतः भेटून सांगितलं, हा आमचा साक्षीदार आहे, आरोपी नाही. नोकरी टिकली.

खटल्याच्या दिवशी लोहाराच्या नावाचा पुकारा झाला. तो उठला आणि सवयीने थेट आरोपीच्या पिंजऱ्याकडे चालू लागला. कोर्टाचा शिपाई म्हणाला, "उधर नहीं भैया, इधर." तो थांबला, वळला आणि साक्षीदाराच्या जागी जाऊन उभा राहिला. मागच्या बाकावर त्याची बायको पदराने डोळे पुसत होती. मीही खिडकीबाहेर बघू लागलो.

त्यानंतर हाताखाली आलेल्या प्रत्येक उपनिरीक्षकाला मी हे प्रकरण सांगत आलो. माणसाचं जुनं रेकॉर्ड हेही एक पातंच आहे आणि ते आमच्या हातात असतं. ते समोरच्यावर रोखणं सोपं. धार आपल्याकडे ठेवून काम करायचं तर मेहनत जास्त पडते, पण निष्पाप माणूस कापला जात नाही.

माझ्या निवृत्तीच्या दिवशी तो लोहार माझ्या बायकोसाठी भाजी चिरायची सुरी घेऊन आला होता. ती सुरी अजून रोज वापरात आहे. आमच्या घरात ती कुणी कुणाच्या हातात देत नाही, ओट्यावर ठेवतात. नवी सून विचारते तेव्हा बायको तिला सांगते, "आपल्या घरच्या एका माणसानं शिकवलं आहे."