गिअरबॉक्सचं तेल आणि दोन सेकंद

हे लिहू की नको, असं करता करता तीन महिने गेले. इथले बाकीचे भुताखेतांचे अनुभव मी नेमाने वाचते आणि — राग मानू नका — बहुतेक वेळा वाचून हसते. पांढरी साडी, उलटे पाय, पिंपळावरची बाई... मला यातलं काहीच कधी पटलं नाही. पंचवीस वर्षं इंटर्नल ऑडिटमध्ये काढलेली बाई आहे मी. पुरावा दाखवा, नाहीतर पुढे चला, हा आपला खाक्या. सासूबाई लिंबू उतरवून टाकायच्या तेव्हा मला चांगलं रसरशीत लिंबू वाया गेलं याचंच वाईट वाटायचं. त्यामुळे हे भूतबित म्हणून सांगत नाहीये. घडलं तसं सांगते. कुठे चूक सापडली तर खरंच सांगा, उपकार होतील.

आम्ही सिंगापूरला राहतो, बुकित बातोकला, नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. बघा, 'आम्ही' अजून सुटत नाही. मी राहते. माझं ऑफिस बिशानला. मुलगी सई मेलबर्नला. नवरा, प्रदीप, मरीन इंजिनीअर होते. बरीच वर्षं जहाजावर चीफ इंजिनीअर, मग इथेच ऑफिसातली नोकरी. दोन वर्षांपूर्वी गेले.

आणि गाडी. रुपेरी रंगाची, ऑटोमॅटिक, जपानी, आता सोळा वर्षांची. इथे दहा वर्षं झाली की बहुतेक लोक गाडी देऊन टाकतात. परवाना वाढवून घेऊन म्हातारी गाडी ठेवणारे आमच्यासारखे थोडेच. आम्ही ती घेतली तेव्हाच चार वर्षांची होती. घेतली त्याच आठवड्यात प्रदीपनी बॉनेट उघडलं, गिअरबॉक्सची डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी बघायची सळई, बाहेर काढली आणि कपाळाला हात लावला. आधीच्या मालकाने भसाभसा तेल ओतलंय म्हणाले. मग नळी घालून पाऊण लिटर तेल काढून टाकलं. मला नीट आठवतंय, कारण बाटली मीच धरली होती आणि माझ्या नव्या ड्रेसवर त्या लाल तेलाचे डाग पडले होते.

त्यानंतर दर रविवारी सकाळी हा कार्यक्रम ठरलेला. मल्टिस्टोरी कारपार्कचा चौथा मजला, खांबाशेजारची आमची जागा, हातात जुन्या बनियनचं फडकं. गाडी सुरू करायच्या आधी, रात्रभर थंड झालेली असताना, सळई काढायची, पुसायची, परत घालायची, काढायची, डोळ्यांजवळ नेऊन बघायची. तेल वरच्या रेघेवर हवं. "रेघ म्हणजे रेघ," असं म्हणायचे. मग आम्ही लिटिल इंडियाला जायचो. मेथी, कढीपत्ता, आणि मिठाईच्या दुकानात उभ्या उभ्या एकेक जिलबी. डॉक्टरांनी नको सांगितली होती, पण ऐकतंय कोण.

या गाडीची एक खोड होती. गिअर 'डी'मध्ये, म्हणजे पुढे जायच्या गिअरमध्ये, टाकला की ती लगेच घ्यायची नाही. दोन सेकंद नुसती उभी. मग खालून 'ठक्' असा हलका धक्का, आणि निघायची. मी चालवायला शिकत होते तेव्हा या दोन सेकंदांनी माझं डोकं फिरायचं. मी ॲक्सिलरेटर दाबायला जायचे आणि शेजारून आवाज यायचा, "थांब. घेऊ दे त्याला." गिअरबॉक्सचा स्वभावच तसा आहे, हे त्यांचं मत. मशीनच्या बाबतीत त्यांना कोणी काही सांगायचं नसतं, हे मी लग्नाच्या पहिल्या वर्षीच शिकले होते. एकोणतीस वर्षांत एकदाही 'तुमचं चुकतंय' म्हटलं नाही. शरीराच्या बाबतीतही त्यांचा तोच थाट होता.

त्या दिवशी सकाळी छातीत जळजळतंय म्हणाले. पित्त आहे, थंड दूध दे. मला चेहरा बरा वाटत नव्हता. हॉस्पिटलला जाऊ या, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण ते इतक्या ठामपणे पित्त म्हणाले की मी मुकाट्याने दूध दिलं. ॲम्ब्युलन्स बोलावली ती पाऊण तासानंतर. या पाऊण तासाबद्दल मी सईलासुद्धा काही बोललेले नाही.

नंतरचे दिवस कसे गेले ते सांगत बसत नाही. ज्यांच्यावर आलंय त्यांना माहीत आहे. एवढंच सांगते की शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून आले की सोमवारी सकाळपर्यंत तोंडातून शब्द निघाला नाही, असंही व्हायचं. सईचा फोन येतो, पण ती अर्धं इंग्लिश बोलते आणि मी 'मी मजेत' एवढंच सांगते. घरात मराठी बोलायला माणूसच उरला नाही हो. तर ते मराठी मी गाडीत बोलायला लागले. 'डी'मध्ये टाकायचं, ब्रेकवर पाय, आणि त्या दोन सेकंदांत रिकाम्या सीटकडे बघून काहीतरी सांगायचं. दोन सेकंदांत एक वाक्य बसतं. 'आज जिलबी नाही खाल्ली.' 'बाथरूमचा हीटर बिघडलाय.' मग 'ठक्' व्हायचं आणि मी निघायचे. वेडेपणा म्हणा हवं तर, पण दिवसभरात मला तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

हळूहळू दोनाचे चार सेकंद झाले, चाराचे पाच. मग एकदा आमच्या ब्लॉकजवळच्या चढावर इंजिन नुसतं कोकलायला लागलं आणि गाडी जागची हलेना. मागून हॉर्न. मी घाबरून घामाघूम. सईला सांगायची चूक केली, तर ती म्हणाली, आई, जस्ट लेट इट गो लाह. शेवटी तहावर आलो. दोन महिन्यांनी गाडीची वार्षिक तपासणी होती. तोपर्यंत गिअरबॉक्स सुधारला तर ठीक, नाहीतर गाडी भंगारात आणि आई एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत. मी हो म्हटलं, पण रात्री झोप लागली नाही. ती गाडी गेली असती तर मला बोलायला जागाच उरली नसती.

बुकित बातोकच्याच इंडस्ट्रियल भागात एका गल्लीत लिम अंकलचं छोटं गॅरेज आहे. पासष्टीचा माणूस, चष्मा कायम कपाळावर. त्याने इंजिन चालू ठेवलं, गरम होऊ दिलं, गिअर एकेक करत सगळीकडून फिरवून परत 'पी'वर, म्हणजे पार्किंगवर, आणला आणि इंजिन चालू असतानाच सळई काढली. तेल खालच्या रेघेच्याही खाली.

"आँटी, ऑइल नॉट इनफ. लाँग टाइम नॉट इनफ," तो म्हणाला. मग विचारलं, चेक कोण करतं? मी म्हटलं, नवरा करायचा, दर रविवारी, इंजिन बंद असताना. त्यावर त्याने हसून विचारलं, शिपवर होता का? मी चकितच झाले. त्याने समजावलं ते असं, की जहाजावर जनरेटरचं तेल इंजिन बंद करून, सगळं खाली उतरू देऊन मोजतात, आणि तीच सवय ही माणसं गाडीला लावतात. पण या गिअरबॉक्समध्ये इंजिन थांबलं की वरचं तेलही खाली येतं आणि पातळी खोटी वर दिसते. म्हणजे आधीच्या मालकाने तेल बरोबरच भरलं होतं. आमच्या चीफ इंजिनीअरसाहेबांनी पाऊण लिटर काढून टाकलं आणि रविवारच्या रविवार ते तेवढंच कमी राहील याची काळजी घेतली! मशीनच्या बाबतीत माझा नवरा या लिम अंकलचा बाप होता, असं मनात म्हटलं, पण ते खरं नव्हतं हे मलाही दिसत होतं.

लिम अंकलने एकदम सगळं तेल बदललं नाही. जुन्या गिअरबॉक्सला ते सोसत नाही म्हणाला. थोडं काढून थोडं नवं, असं दोन वेळा केलं, फिल्टर बदलला, आणि योग्य पातळीपर्यंत भरून दिलं. मला फडकं देऊन शिकवलंही, गरम इंजिन, चालू इंजिन. मी गॅरेजबाहेर निघताना 'डी'मध्ये टाकलं आणि गाडी लगेच निघाली. ना थांबणं, ना 'ठक्'. मी तोंड उघडलं होतं सांगायला, वाक्य तसंच राहिलं. पहिल्याच सिग्नलला मला रडू कोसळलं.

इथपर्यंत सगळं समजण्यासारखं आहे. पुढचं नाही.

तिसऱ्या रविवारी सळई काढली, गरम इंजिन, चालू इंजिन, अगदी शिकवल्यासारखं, तर तेल खालच्या रेघेच्या खाली. दोन सेकंदांचं थांबणंही परत आलं होतं. लिम अंकलने गाडी वर उचलून खालचा कोपरा न् कोपरा तपासला. गळती नाही. परत भरून दिलं. या वेळी मी माझ्या पद्धतीने गेले. पुठ्ठ्याचे मोठे खोके फाडून गाडीखाली अंथरले, कोपऱ्यावर तारीख टाकली, रोज सकाळ-संध्याकाळ फोटो. दोन आठवडे पुठ्ठा कोरडा ठणठणीत. आणि दोन आठवड्यांनी तेल परत कमी.

तेव्हा मला काय सुचलं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघण्याआधी, इंजिन सुरू न करता, थंड गाडीची सळई काढली. त्यांच्या पद्धतीने.

तेल वरच्या रेघेवर होतं. एक केस वर नाही, एक केस खाली नाही.

मी तिथेच खांबाला टेकून उभी राहिले. शेजारच्या ब्लॉकमधला माणूस स्कूटर काढत होता, त्याने विचारलं, ओके की नाही? मी ओके म्हटलं आणि त्या दिवशी बसने गेले.

तिसऱ्यांदा लिम अंकलकडे गेले तेव्हा त्याला थंड सळईचंही सांगितलं. त्याने गाडी परत वर उचलली, परत काही नाही. बॉनेट हळूच बंद केलं आणि माझ्याशी नजर न मिळवता म्हणाला, असंच चाललं तर गिअरबॉक्स जळेल, जास्तीत जास्त एखादा महिना. तेलाची बाटली आणि एक बारीक नरसाळं हातात दिलं आणि तूच भर म्हणाला. तपासणी चार दिवसांवर आली होती.

रविवारी सकाळी खाली गेले. इंजिन सुरू केलं, गरम होऊ दिलं. बाटली शेजारच्या सीटवर होती. आधी सवयीने 'डी'मध्ये टाकलं, पाय ब्रेकवर, आणि रिकाम्या सीटकडे बघून म्हटलं,

"अहो, ऐका. हे तेल इंजिन चालू ठेवून बघायचं असतं. तुमचं चुकलंय. इतकी वर्षं चुकत होतं."

'ठक्' झालं नाही. गाडी उभीच. पाच सेकंद म्हणता म्हणता किती झाले, मी मोजले नाहीत. इंजिन चालू होतं आणि गाडी घेत नव्हती. मी तशीच पुढे बोलले.

"आणि ते पित्त नव्हतं. मला दिसत होतं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं, आणि तुम्ही ऐकायला हवं होतं. मी दूध काय देत बसले..."

मग बरंच बोलले. कारपार्कमध्ये, दिवसाढवळ्या, मोठ्याने, मराठीत. दोन वर्षांचं साचलेलं. रागही होता त्यात, खोटं कशाला सांगू. माझं बोलून संपलं, मी नाक पुसलं, पदर नसल्यामुळे त्या बनियनच्याच फडक्याने पुसलं... आणि तेव्हा खालून 'ठक्' झालं.

गिअर 'पी'वर आणला. इंजिन चालू ठेवूनच बॉनेट उघडलं आणि नरसाळ्याने तेल भरलं, सळई पाहत पाहत, रेघेपर्यंत. थेंबही सांडला नाही.

या गोष्टीला तीन महिने झाले. गाडी तपासणीत पास झाली. सई म्हणते, सी, टोल्ड यू, चांगला मेकॅनिक मिळायला हवा. मी दर रविवारी सळई बघते, तेल तसूभरही हललेलं नाही. लिम अंकलला विचारलं, तर तो म्हणाला, कधी कधी पाइपात हवा अडकते. त्याचा स्वतःचा त्यावर विश्वास नव्हता हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. एका ओळखीच्या इंजिनीअरने आणखी दोन कारणं दिली, दोन्ही पुठ्ठ्याच्या फोटोंपुढे टिकली नाहीत. तेल कुठे जात होतं आणि नेमकं तेवढंच का जात होतं? ऑडिटच्या भाषेत, मुद्दा उघडाच आहे.

गाडी आता 'डी'मध्ये टाकली की लगेच निघायला बघते. भांडणात मी पहिल्यांदाच जिंकले, आणि जिंकल्याबरोबर घर आणखी रिकामं झालं. मी अजूनही ब्रेकवर पाय ठेवून दोन सेकंद थांबते. गाडी पुढे ओढत असते, आणि मी तिला म्हणते, थांब जरा.