बाप्पाची पुली

"आधी गाडी हलू दे, मग चाक वळव!"

आमच्या गल्लीतल्या काकू हे वाक्य गाडीत जितकं बोलायच्या तितकंच गाडीबाहेरही. शेजारची नवी सून आल्या आल्या स्वयंपाकघराची मांडणी बदलायला निघाली, तेव्हा काकू खिडकीतून ओरडल्या होत्या, "अगं बाई, पहले गाडी तर हलू दे!" मी नोकरी सोडायच्या गोष्टी करायचो तेव्हा मलाही हेच. बोलताना दोन्ही हात हवेत, एखादं जड चाक ओढत असल्यासारखे. अशी माणसं तुमच्याही गल्लीत असतील, पण त्यांचं वाक्य थेट त्यांच्या गाडीतूनच आलेलं असेल असं नाही.

काकूंच्या जुन्या पांढऱ्या गाडीला मुळात पॉवर स्टिअरिंग होतं. त्याचा पंप तेल गाळायला लागला तेव्हा काकांनी, म्हणजे काकूंच्या यजमानांनी, ती सगळी भानगडच उपटून काढली आणि साधं स्टिअरिंग बसवून घेतलं. साधं स्टिअरिंग उभ्या गाडीत वळवायला जाल तर खांदे भरून येतात. गाडी जरा सरकली की मगच ते ऐकतं. काका गेले, गाडी राहिली आणि काकू तिच्याशी तशाच झटत दर रविवारी जवळच्या महू गावी जात राहिल्या.

महूला त्यांची थोरली बहीण. ताईंचं चालणं बंद झालं होतं. काकू त्यांना गाडीत बसवून तिथल्या लष्करी छावणीच्या मोठमोठ्या झाडांखालून सावकाश फिरवायच्या. ताईंचं घराबाहेर पडणं काय ते एवढंच. मी एकदा टॅक्सी सुचवली, तर काकूंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"टॅक्सीत चुगल्या कशा करणार, भिया? ड्रायव्हरचे कान मागेच असतात. ताई तर मग तोंडच उघडत नाही." भिया म्हणजे भैया; आमच्याकडच्या मराठीत हिंदी अशी मिसळलेलीच असते.

आणि एके दिवशी काकूंचा खांदाच धरला. हात कानापर्यंत जाईना. डॉक्टर म्हणाले, हे असलं जड स्टिअरिंग बंद. काकूंचा बंगलोरचा मुलगा म्हणाला, गाडीच विका. काही रविवार काकू ओट्यावर नुसत्या बसून राहिल्या. मला ते बघवत नव्हतं.

मग एका सकाळी पोह्यांची बशी हातात घेऊन त्या थेट आमच्या दारात. "भिया, चप्पल घाल! पॉवर वापस आणू!"

काकांनी काहीही फेकलेलं नव्हतं. दिवाणातून पोतं निघालं. त्यात पंप, नळ्या, जुनं स्टिअरिंग, सगळं काकूंच्या फाटक्या साडीत नीट गुंडाळलेलं. माझा उत्साह तर असा की पोतं मीच खांद्यावर मारलं आणि शर्ट काळा करून घेतला. गॅरेजवाल्याने एकेक वस्तू उचलून पाहिली.

"काकीजी, नई सील डाल दूँगा, बाकी सब फिट हो जाएगा. पर पंप की पुली कहाँ है? पट्टा किस पे चढ़ाऊँ?"

पंप फिरतो तो पट्ट्यावर, आणि पट्टा चढतो तो पुलीवर. ते लोखंडी चाक पोत्यात नव्हतं. गाडी इतकी जुनी की बाजारातही मिळेना. आम्ही पुन्हा दिवाण उपसला, माळा उपसला. माळ्यावर गणपतीच्या मखराची पेटी दिसली आणि काकूंनी एकदम कपाळावर हात मारला.

"हाय राम! ती तर बाप्पाच्या मागे आहे!"

काकूंच्या घरच्या गणपतीमागे एक सोनेरी चक्र फिरायचं. काकांनी स्वतः बनवलेलं. ते बघायला पलीकडच्या गल्लीतली पोरंसुद्धा यायची. पेटी उघडली. चक्राचे किरण पुठ्ठ्याचे, आणि मधोमध, बेगड चिकटवलेली, कुंकवाने माखलेली आमची पुली! म्हणजे इतकी वर्षं सगळी गल्ली पॉवर स्टिअरिंगलाही ओवाळत होती. मी हसता हसता जमिनीवर बसलो.

काकू हसल्या नाहीत. चक्र मांडीवर घेऊन म्हणाल्या, "ही काढली तर मखर सुनं होईल रे. त्यांच्या हातचं आहे."

खरं सांगतो, मला वाटलं, संपलं आता. पण थोड्या वेळाने त्या उठल्या, एकेक किरण अलगद सोडवला आणि पुली देव्हाऱ्यासमोर धरली. "बाप्पा, चक्र घेऊन जाते. ताईला फिरवायचंय. तू समजून घे."

गॅरेजवाला चाटच पडला. "ये क्या काकीजी, सोने की पुली?"

"पट्टा बसतो तेवढंच घासा. बाकी सोनं राहू द्या," काकूंनी बजावलं.

गाडी तयार झाली त्या दिवशी मी कामावरून पळून आलो. इंजिन सुरू झालं, उघड्या बोनेटमध्ये ती सोनेरी पुली गरगर फिरायला लागली. काकू बसल्या. सवयीने दात आवळले आणि दुखरा खांदा सावरत सगळा जोर लावून चाक ओढलं. चाक असं सर्रकन फिरलं की त्या दारावरच कलंडल्या!

"अरे! अरे!" मग एक बोट. उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे. गाडी जागच्या जागी, टायर करकरताहेत आणि काकू ओरडताहेत, "एका बोटावर! भिया, देख, एका बोटावर!" अख्खं गॅरेज टाळ्या वाजवत होतं. मी शिटी मारली, चक्क शिटी. रविवार नव्हता, तरी काकू तिथूनच परस्पर महूला गेल्या.

आता त्या तिकडेच राहतात, ताईंजवळ. जाताना मखर आम्हाला देऊन गेल्या. गल्लीतून निघताना गाडी आधी हातभर पुढे घेतली, मग चाक वळवलं. तशी काही गरज नव्हती.

यंदा गणपतीत ते मखर आमच्याकडे मांडलं. मूर्तीमागे नुसता रिकामा दांडा. बायको म्हणाली, बाजारातून दिव्यांचं चक्र आणू. मी आणू दिलं नाही. आरतीला आलेले लोक विचारतात, "काय भिया, चक्र बंद पडलं का?"

"छे हो," मी ऐटीत सांगतो, "फिरतंय की. महूला."