ग्रीनवरची अनवाणी पावलं

पंचवीस वर्षं लोकांच्या तोंडात वाकून बघण्यात माझी मान गेली. मी दातांचा डॉक्टर. उजवीकडे झुकून काम करायची सवय लागली आणि पन्नाशी उलटली तेव्हा दवाखान्याबाहेरही मान थोडी उजवीकडेच राहू लागली. सक्करदऱ्याला आमच्या घराजवळ एक फिजिओथेरपिस्ट बाई आहेत. त्यांनी व्यायाम दिले, आणि रोज एका पायावर उभं राहून दात घासायला सांगितलं. दोन मिनिटं डावा पाय, दोन मिनिटं उजवा. बायको पहिले काही दिवस मोरीच्या दारात उभी राहून हसायची.

"मोकळ्या हवेत चाला," असंही त्या बाई म्हणाल्या. त्याच सुमारास फौजेतून निवृत्त झालेले माझे एक पेशंट मला शहराबाहेरच्या गोल्फच्या मैदानावर घेऊन गेले. नऊ होलचं जुनं मैदान, मधोमध एक तळं, तळ्यापलीकडे काटेरी तारांचं कुंपण आणि त्यामागे वस्ती. मला ते चालणं आवडलं, मग खेळही आवडला, आणि मी रीतसर शिकायला लागलो.

तिथला प्रशिक्षक तिशीतला, हुशार पोरगा. तो माझा प्रत्येक फटका मोबाईलवर घ्यायचा आणि थांबवून थांबवून दाखवायचा. कंबर कुठे फिरते, गुडघा कुठे जातो. सहा महिन्यांत माझा लांबचा फटका बराच सरळ झाला. पोटरी, मांडी, कंबर यांत जोर आला. गाडी मात्र पटिंगवर अडली. शेवटच्या हिरवळीवर, म्हणजे ग्रीनवर, चेंडू जमिनीवरून हलकेच ढकलून होलमध्ये घालायचा, एवढंच ते काम. तीन फुटांवरून मी चुकायचो. ऐन वेळी मनगटाला झटका बसायचा, जणू दुसऱ्याच कुणी हात हलवला.

"सर, तुम्ही लवकर मान वर करता," प्रशिक्षक म्हणाला. "बॉल गेला की नाही हे बघायची घाई असते तुम्हाले. सकाळी कोणी नसते तेव्हा येऊन अर्धा तास नुसतं पटिंग करा."

म्हणून डिसेंबरात मी उजाडता उजाडता मैदानावर जाऊ लागलो. थंडी कडाक्याची होती. तळ्यावरून धुकं उठायचं आणि सरावाच्या ग्रीनवर येऊन बसायचं. गवतावर इतकं दव असायचं की सगळं ग्रीन राखाडी दिसे.

दुसऱ्या की तिसऱ्या सकाळी मला त्या रेषा दिसल्या. दवावरून चेंडू गेला की मागे एक गडद हिरवी रेघ उरते. तशा सात-आठ रेघा ग्रीनवर होत्या. सगळ्या एका जागेवरून निघून, डावीकडे थोडं वळण घेऊन, होलच्या काठावर संपत होत्या. एकही चुकलेली नव्हती.

गेटवरच्या चौकीदाराला मी विचारलं, "माझ्या आधी कोण आलं होतं?"

"कोणीच नाही आलं साहेब. कुलूप तुमच्यासाठीच उघडलं मी."

मी परत जाऊन नीट पाहिलं. रेघांच्या सुरुवातीला पावलं उमटली होती. बुटांची नव्हती ती. पाचही बोटं स्पष्ट दिसत होती. ही पावलं तळ्याच्या बाजूने आली होती, ग्रीनवर फिरली होती, आणि परत जाताना कुठेच दिसत नव्हती.

मी चौकीदाराला काही बोललो नाही. बॉल ठेवला, त्यातली एक रेघ धरली आणि त्याच वाटेने मारला. बॉल डावीकडे वळला आणि होलमध्ये पडला. माझ्या नजरेला ती जागा सपाट वाटली असती. मी सरळ मारून चुकलो असतो.

आठवडाभर हेच चाललं. रोज नव्या जागेवरून नव्या रेघा, रोज तीच पावलं तळ्याकडून आलेली. मी त्या रेघांवरून शिकत होतो आणि बॅग उचलून निघताना पाठ तळ्याकडे होणार नाही अशा बेताने निघत होतो. घरी मी हे सांगितलं नाही. काय सांगणार होतो?

मग एका सकाळी मी ठरवून अर्धा तास आधी गेलो. जेमतेम फटफटलं होतं. ग्रीन दिसत नव्हतं, पण बॉल होलमध्ये पडल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा. मी आवाजाच्या रोखाने चालत गेलो. कानटोपी आणि जुना स्वेटर घातलेला एक म्हातारा माणूस ग्रीनवर वाकून उभा होता. पायात काही नाही. हातात पटिंगची आखूड केलेली काठी, मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. पंचाहत्तरीच्या पुढचे असावेत.

त्यांनी मान वळवून माझ्याकडे एकदा पाहिलं.

"उशीर केला दादा," ते म्हणाले.

मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"चप्पल-बूट काढ ना गा. बूट घालून काय समजणार आहे तुले?"

माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस मला दादा म्हणत होता, आणि लहान भावाने मोठ्या भावाशी बोलावं तसं अरे-तुरे करत होता. मी चूक दुरुस्त करायला हवी होती. का कोण जाणे, मी खाली बसून बुटांच्या नाड्या सोडल्या.

दवाची थंडी टाचेतून थेट पोटरीत गेली. त्यांनी माझा दंड धरून मला होलपर्यंत आणि परत असं चालवलं. "डोळ्याले हा उतार दिसत नाही. पायाले समजते. कोणता पाय जड वाटून राहिला?"

"उजवा."

"मग बॉल तिकडेच जाईन. मार."

मी मारला आणि सवयीने मान वर केली. बॉल चुकला.

"काहून पाहतं? खाली मान घालून राह्य. आवाज आला की मग पाहा."

दुसऱ्यांदा मी खाली गवताकडे बघत राहिलो. धुक्यात सगळं शांत होतं. मग तो पोकळ, छोटा आवाज आला. माझ्या हाताला झटका बसला नव्हता.

निघताना ते म्हणाले, "तळ्यात नको जाऊस दादा."

"नाही जात," मी म्हणालो. त्यांना हायसं वाटल्यासारखं दिसलं. ते तळ्याला वळसा घालणाऱ्या सिमेंटच्या पायवाटेने धुक्यात गेले, आणि परतीची पावलं गवतात का नसायची ते मला कळलं. पण बाकी काहीच कळलं नव्हतं, आणि मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो.

त्यानंतर रोज गेलो. ते माझा अंगठा मुठीवर दाबून नीट बसवत, शिकवत आणि मधूनच घरचं विचारत. आई कशी आहे. बैलाचा पाय बरा झाला का. सुरुवातीला मी नुसतं हं म्हणत होतो. मग "आई बरी आहे" म्हणू लागलो. एकदा त्यांनी विचारलं, "जेवला का रात्री?" आणि माझ्या तोंडून निघालं, "हाव, जेवलो ना गा." ही बोली माझ्या वडिलांची. मी शाळेपासून ती सोडली होती. स्वतःचा तो आवाज ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

घरी मी हॉलमधल्या फरशीवर अनवाणी पटिंग करायचो. एका दुपारी बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"कोणाशी बोलतोयस?"

"कोणाशी नाही."

"तू आत्ता म्हणालास, मी नाही जात तळ्यात."

मला ते बोलल्याचं आठवत नव्हतं. ती म्हणाली, "काही दिवस राहू दे तो खेळ." मी हो म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी गेलो.

मैदानावरच्या महिन्याच्या स्पर्धेत शेवटच्या होलवर माझा चार फुटांवरून ढकलायचा पट उरला होता. सगळे बघत होते. मी खाली मान घालून राहिलो आणि आवाज आल्यावर वर पाहिलं. माझा दुसरा नंबर आला. प्रशिक्षकाने हात मिळवला आणि जरा दुखावल्या सुरात विचारलं, "सर, पकड कोणी बदलून दिली तुमची?" मी विषय टाळला.

जानेवारीतल्या एका सकाळी धुकं नेहमीपेक्षा दाट होतं. मी एक पट जोरात मारला आणि बॉल ग्रीनवरून उतरून तळ्याच्या दिशेने गेला. मी विचार न करता त्याच्यामागे निघालो. पाण्याचा काठ दिसायच्या आत मागून माझं मनगट पकडलं गेलं. एवढ्या म्हाताऱ्या माणसाच्या पंजात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

"राहू दे दादा. राहू दे तो बॉल. मी मागत नाही."

ते थरथरत होते. मी त्यांना धरलं, तर ते ओल्या गवतावर बसले आणि मलाही खाली ओढलं. तोंडाने एकच चालू होतं, मी मागत नाही, मी मागत नाही. मग ते थांबले. माझ्या चेहऱ्याकडे अगदी जवळून पाहिलं आणि माझं मनगट सोडून दिलं.

"तुम्ही कोण साहेब?" त्यांनी अदबीने विचारलं.

त्या प्रश्नाने मी जितका घाबरलो, तितका कशानेच घाबरलो नव्हतो. तोवर वस्तीच्या बाजूने "बाबा, बाबा" अशा हाका येऊ लागल्या आणि शाल गुंडाळलेली चाळिशीची एक बाई धावत आली. ती त्यांची मुलगी होती.

आम्ही दोघांनी त्यांना उठवलं. तारेच्या कुंपणाला तळ्यामागे एक भगदाड होतं. तिथून आत शिरून ते तळ्याच्या काठाकाठाने येत. "मी सकाळी डबे करून राहते," ती म्हणाली. "मले वाटे बाबा विहारात जाते."

त्यांचं घर दोन खोल्यांचं होतं. वडिलांना पलंगावर निजवून तिने मला सगळं सांगितलं. ते चाळीस वर्षं त्याच मैदानावर खेळ शिकवत होते. दोन वर्षांपासून त्यांना विसर पडू लागला. ते तिलाच आई म्हणू लागले. त्यांचा मोठा भाऊ मैदानावर माळी होता. तळ्यात गेलेले बॉल तो पाण्यात उतरून काढून द्यायचा. एका हिवाळ्यात सकाळीच बाबांचा बॉल पाण्यात गेला आणि त्यांनीच भावाला तो आणायला सांगितलं. तो वर आला नाही. शेवाळात पाय अडकले होते.

"बाबा कधी बोलले नाही हे. आजीनं सांगितलं मले. त्या भावाची मान वाकडी होती म्हणे, एका बाजूले." ती माझ्या मानेकडे बघून थांबली. "तुम्हाले दादा म्हणते काय?"

"हो."

"अन् तुम्ही हो म्हणता?"

मी मान खाली घातली. एका आजारी माणसाला मी महिनाभर फसवत होतो, आणि तो माझ्यासाठी रोज त्या पाण्याच्या काठाने येत होता. मी हे तिला सांगितलं आणि माफी मागितली.

"बाबा घरी येऊन सांगते मले," ती म्हणाली. "दादा चांगला खेळून राहिला, अन् तळ्यात जात नाही आता. आधी रात्रभर उठून बसे. महिना झाला, झोपते." मग म्हणाली, "येत जा तुम्ही. मी आणून सोडत जाईन त्यायले."

त्यानंतर ती रोज त्यांचा हात धरून गेटमधून घेऊन यायची. मी बायकोलाही सगळं सांगितलं. एका सकाळी ती माझ्यासोबत आली, कडेला बाकावर बसून राहिली, आणि परतताना गाडीत म्हणाली, "तू तिथे असतोस तेव्हा तुझा चेहरा वेगळा दिसतो." कसा, ते तिला सांगता आलं नाही.

फेब्रुवारीत ते अंगणात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर ते चालू शकले नाहीत. मी रविवारी दुपारी त्यांच्या घरी जाऊ लागलो. लख्ख उजेडात, खुर्चीवर बसलेल्या मला ते ओळखत नसत. मुलीने सांगितलेलं लक्षात ठेवून डॉक्टरसाहेब म्हणत.

"माझा दादा भेटला का तुम्हाले तिकडे?" एका रविवारी त्यांनी विचारलं.

"भेटला."

"कसा आहे?"

"बरा आहे. पटिंग चांगलं झालंय त्याचं."

ते हसले. मग आवाज खाली करून, मुलीला ऐकू जाऊ नये असं, म्हणाले, "तो तर गेला ना साहेब. मले माहीत आहे. तरी येत होता रोज. थंडे पाय असत त्याचे."

त्यांनी हात पुढे केला. मी माझा दिला, तर त्यांनी दुसराही मागितला. दोन्ही हात उलटे-सुलटे करून पाहिले, अंगठा मुठीवर कुठे बसतो तिथे दाबून पाहिलं, जसं ते ग्रीनवर करायचे.

"पकड त्याचीच आहे," ते म्हणाले.

मुलगी चहा घेऊन आली आणि कप स्टुलावर ठेवून उभी राहिली. ते माझे हात सोडत नव्हते आणि मी काढून घेत नव्हतो. चहावर साय धरली. थोड्या वेळाने तिने कप उचलला आणि पुन्हा गरम करायला आत नेला.